विजयालक्ष्मीचा खटला व क्षमेचा विचार

स्त्रियांस दंड देतांना आमच्या पूर्वजांनीं हात आंखडता घेतला, असा समज पुष्कळांचा आहे. स्त्री अवध्य होय, तिचें प्रायश्चित्त अर्धें, हीं मतें स्मृतिग्रंथांत आहेत खरीं. परंतु याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत पुरुषघ्नी स्त्रीस शिळा बांधून पाण्यांत लोटावें असें सांगितलें असून, त्यांतून वगळली आहे ती गर्भवती. म्हणजे ही क्षमा स्त्रीस नव्हे, गर्भास होती. हा भेद ध्यानांत ठेवून एकोणिसाव्या शतकांतील दोन प्रकरणें पाहूं.

पुण्यांत काशीबाई नांवाच्या ब्राह्मण विधवेस पोटच्या अर्भकाच्या हत्येबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यावरून जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलें. तेथें ३५ स्त्रिया आल्याचें जोतीरावांनीं १८८४ सालीं नमूद केलें आहे.

दुसरें प्रकरण सुरतेकडील. १८८१ सालीं विजयालक्ष्मी नामक ब्राह्मण विधवेस अशाच अपराधाबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली, व पुढें ५ वर्षांवर. १८६० च्या दंडसंहितेंत खुनास देहान्त किंवा जन्मठेप काळें पाणी, हे दोनच मुख्य दंड होते. त्याखालीं उतरणें तें सरकारच्या दयेनेंच.

या खटल्यावरून वर्तमानपत्रांनीं समस्त स्त्रीजातीवर ताशेरे झाडले. त्यांस उत्तर आलें तें बुलढाण्याहून. आमच्या वाळूजच्या ईशान्येस, अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील त्या गांवच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं पुण्यास 'स्त्रीपुरुषतुलना' छापविली. त्यांनीं दया मागितली नाहीं. जे दोष स्त्रियांस लावतां ते पुरुषांत नाहींत काय, असा सवाल केला.

आमच्या मतें प्रकरणाचें मर्म येथें आहे. विजयालक्ष्मीस मिळालेली सूट आम्ही तुच्छ लेखीत नाहीं. तिनें एक जीव वांचला. परंतु क्षमा करावयाची म्हणजे अपराध सर्वस्वीं तिचाच, हें आधीं मान्य करावें लागतें. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला असतां त्या वाटेनें जाऊं न देणारी जात, आणि गर्भास कारण झालेला पुरुष, यांस क्षमेची गरजच पडली नाहीं. कारण त्यांजवर आरोपच नव्हता. जोतीरावांनीं दंडापूर्वींच दार उघडलें, म्हणून त्यांचें कार्य आम्हांस कोणत्याही माफीहून थोर वाटतें.

२०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंतही गर्भवतीची फांशी जन्मठेपेंत बदलण्याची तरतूद आहे. तरतूद योग्यच आहे. पण तीही मुख्यतः गर्भाकडे पाहते. जुनीं दप्तरें चाळणाऱ्या अभ्यासकांस आमची विनंती इतकीच कीं, अशा प्रकरणांत शिक्षा किती व माफी किती एवढेंच न टिपतां, पुरुषास कोणी विचारलें होतें काय, हेंही टिपावें.