झाशीची वस्ती

झाशी हे नाव मराठी माणसाला आपल्या घरातले वाटते. झाशीच्या राणीची कथा लहानपणी कानावर पडली नाही, असे मूल महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. या आपलेपणातून एक समज नकळत रुजला आहे. झाशी म्हणजे उत्तरेतले एक मराठी गाव. ते मराठी लोकांनी वसविले आणि मराठी लोकांनीच राखिले, असा तो समज होय. यातील पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा त्याहूनही कमी. झाशीत कोण कोण राहत होते, ते कोठून आले आणि संकटाच्या वेळी कोण कोणाच्या बाजूस उभे राहिले, हे पाहिले म्हणजे त्या नगरीचे खरे स्वरूप ध्यानात येते.

झाशीचा किल्ला मराठ्यांनी बांधलेला नाही. ओरछाचा बुंदेला राजा वीरसिंहदेव याने १६१३ मध्ये तो उभारिला. त्याच्या पायथ्याशी बळवंतनगर नावाचे एक लहानसे खेडे होते. बुंदेलखंडातील खेड्यांत सामान्यतः आढळणारी वस्ती म्हणजे जमीन राखणारे ठाकूर, ती कसणारे लोधी, काछी व अहीर, माग चालविणारे कोरी आणि चामड्याचे काम करणारे चर्मकार. यांच्या जोडीला या प्रदेशात आणखी एक जोरकस घटक होता, तो दशनामी गोसाव्यांचा. हे गोसावी केवळ भिक्षा मागणारे विरक्त नव्हते. ते शस्त्र बाळगीत, पेढ्या चालवीत आणि प्रसंगी मुलूखही बळकावीत. झाशीजवळच्या मोठ परगण्यात राजेंद्रगिरी गोसाव्याने असाच जम बसविला होता. मराठ्यांनी त्यास तेथून हुसकाविले, तेव्हा तो अयोध्येच्या नबाबाच्या पदरी गेला.

मराठे बुंदेलखंडात आले ते छत्रसालाच्या हाकेमुळे. १७२९ मध्ये पहिल्या बाजीरावाने महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून त्या वृद्ध राजाची सुटका केली, आणि पुढे छत्रसालाच्या राज्याचा एक हिस्सा पेशव्यांकडे आला. ओरछाशी मात्र मराठ्यांचा बखेडा झाला आणि १७४२ च्या सुमारास झाशी नारोशंकराच्या हाती पडली. नारोशंकराने किल्ल्याचा विस्तार केला. तो वाढीव भाग शंकरगड या नावाने ओळखिला गेला. त्याने खाली शहर वसविले. पण शहर वसवावयाचे तर माणसे हवीत, आणि ती नाशकाहून वा पुण्याहून आणणे शक्य नव्हते. म्हणून त्याने ओरछा राज्यातील रहिवासी आणून तेथे बसविले. झाशीच्या घडणीचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. नगर वसविणारा हात मराठी होता. पण नगरात राहावयास आली ती बहुतांशी बुंदेली माणसे.

जे थोडे मराठी लोक आले, तेही एका घराण्याचे किंवा एका प्रांतातले नव्हते. नारोशंकर देशस्थ. त्याचा संबंध नाशिक व मालेगाव या भागाशी; नाशकास गोदावरीकाठी त्याच्या नावाचे देऊळ आजही उभे आहे. १७६९ मध्ये सुभेदारी रघुनाथ हरी नेवाळकरांकडे आली. नेवाळकर कऱ्हाडे, त्यांचे मूळ गाव रत्नागिरीकडील कोट आणि मधला मुक्काम खानदेशातील पारोळे. जवळच गुरसराय येथे खेरांची जहागीर होती. गंगाधररावांशी विवाह होऊन झाशीस आलेली मोरोपंत तांब्यांची कन्या तर काशीत जन्मली आणि बिठूरास वाढली. या सर्वांना बुंदेलखंडातले लोक एकच नाव देत : दक्षिणी. महाराष्ट्रात ज्यांना आपापसांतील भेद मोठे वाटले असते, ते झाशीत एका नावाखाली आले. सुभेदार, कारकून, पुरोहित आणि शिलेदार अशी ही मंडळी. राज्य त्यांचे होते. नांगर, माग आणि दुकान यांवर हात होता तो मुख्यत्वे इतरांचा.

मग अशा वस्तीत निष्ठा कशावर उभी राहते? भाषेवर, जातीवर की धर्मावर? याचे उत्तर १८५७ व १८५८ या दोन वर्षांनी दिले. राणीने कारभार हाती घेताच तिच्याविरुद्ध पहिला उठला तो पारोळ्याचा सदाशिवराव, म्हणजे नेवाळकरांचाच भाऊबंद. त्याने करेऱ्याचा किल्ला घेऊन आपणच झाशीचे राजे असल्याचे जाहीर केले. राणीने त्याचा मोड केला. त्यामागून ओरछाचे सैन्य नथेखानाच्या हाताखाली चालून आले. त्या वेळी बुंदेल्यांच्या चढाईविरुद्ध झाशीच्या बाजूने लढले त्यांतही बुंदेले ठाकूर होते.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने शहरास वेढा घातला, तेव्हा तटावरील तोफांचे काम गुलाम घौसखान पाहत होता. विलायती म्हणून ओळखले जाणारे अफगाण शिपाई राणीच्या फौजेत होते. राणीची प्रतिमा होऊन इंग्रजांना चकविणारी झलकारीबाई लोकपरंपरेने जपली आहे. ती कोरी, म्हणजे विणकरांच्या घरची. ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली. त्यानंतरच्या कत्तलीचे वर्णन त्या वेळी झाशीत असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी केले आहे. पेणेकडचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेला आणि प्रलयात सापडला. त्याच्या ‘माझा प्रवास’मध्ये राजवाड्याइतकाच कोष्टीपुराही दिसतो. झाशीसाठी जी किंमत मोजली गेली, तिचा मोठा भाग या विणकरांच्या आळीने मोजला. किल्ल्यात आज घौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. झाशीच्या लोकसंख्येचा याहून बोलका तक्ता कोणत्याही खानेसुमारीत सापडणार नाही.

राज्य गेल्यावर राज्यकर्त्यांच्या वस्तीचे काय होते, हा पुढचा प्रश्न. राणीचे दत्तक पुत्र दामोदरराव इंदुरास राहिले व १९०६ मध्ये वारले. झाशी शहर १८६१ मध्ये शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात पुन्हा इंग्रजांकडे आले. पाठोपाठ रेल्वे आली, तिचा कारखाना आला, आणि त्यांबरोबर देशाच्या निरनिराळ्या भागांतली माणसे आली. मराठी मंडळी आता अनेकांतील एक झाली. जे राहिले ते घरात मराठी आणि दारात बुंदेली बोलू लागले. १८४२ मध्ये राणीचा विवाह ज्या गणेशमंदिरात झाला, ते त्यांचे एकत्र जमण्याचे ठिकाण राहिले.

या स्थित्यंतराची दोन उदाहरणे सार्वजनिक जीवनात ठळक दिसतात. झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर संविधान सभेचे सभासद होते. डिसेंबर १९४६ मध्ये त्या सभेत हिंदुस्थानीत बोलण्याचा हट्ट धरून ज्यांनी वादळ उठविले, ते हेच. आडनाव धुळ्याचे, कैवार हिंदीचा! याच भागातले आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पूर्वजांना अधिकार मिळाला होता तो सनदेने; यांना मिळाला तो निवडणुकीने. पहिल्यासाठी पुण्याची मर्जी लागे; दुसऱ्यासाठी बुंदेलखंडातील शेतकऱ्याचा आणि विणकराचा विश्वास लागला.

राणीचा तो प्रसिद्ध निर्धार, झाशी न देण्याचा, मराठी मुले मराठीत पाठ करतात. १८५४ मध्ये तिची भेट घेणाऱ्या जॉन लँग या वकिलाने मात्र तो हिंदुस्थानीत ऐकल्याचे लिहून ठेविले आहे. यात मराठी मनाने खट्टू होण्याचे कारण नाही. ज्या झाशीबद्दल ती बोलत होती, त्या झाशीला समजेल अशा भाषेत ती बोलली. तिने ‘माझी’ म्हटले त्या झाशीत ओरछाहून आणलेल्यांचे नातू होते, कोरी होते, पठाण होते, ठाकूर होते आणि मूठभर दक्षिणीही होते. महाराष्ट्राने झाशीचा अभिमान अवश्य बाळगावा. पण राणीचे नाव घेताना त्या साऱ्यांना वगळले, तर तिने राखू पाहिलेली झाशीच आपण अर्धी करून टाकू.