विकल्प आणि पर्याय

प्रश्नपत्रिकेत हिंदी ‘विकल्प’ विचारते, मराठी म्हणते ‘योग्य पर्याय निवडा’. मराठीत मनात विकल्प आला म्हणजे किंतु आला. संशय हा अर्थ संस्कृतातही होता. मराठी बोलण्यात तोच मुरला. निवडीच्या शब्दाला संशय का चिकटावा? जुन्नरचा मुलूख यावर बरेच सांगतो.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय हे यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, कार्षापणे ही नाणी यांची नोंद आहे. अशा यज्ञांचे शास्त्र लावणाऱ्या मीमांसकांना विकल्प मुळीच आवडत नसे. यज्ञात तांदूळ किंवा जव, दोन्हींची आज्ञा असली तर तांदूळ घेताना जवाची आज्ञा अप्रमाण ठरवावी लागते, आणि पुढच्या खेपेला जव घेताना तीच पुन्हा प्रमाण मानावी लागते. तांदळाचेही तसेच. प्रत्येकाचे चार, असे आठ दोष त्यांनी मोजले आणि दुसरी वाटच नसेल तर विकल्प मानावा, असे ठरवले.

लेण्याद्री, मानमोडी, तुळजा ही बौद्ध लेणी याच परिसरातली. बौद्ध परंपरेत पुढे नागार्जुनाने कर्म आणि क्लेश विकल्पातून उपजतात, असे मांडले. तिथे विकल्प म्हणजे मनाने केलेली भेदाची कल्पना. दुःखाची सुरुवात तिच्यातून. 

‘पर्याय’ची जात वेगळी. ‘परि’ आणि ‘इ’, म्हणजे फिरून येणे. त्यावरून क्रम, पाळी. पर्यायशब्द म्हणजे एकाच्या जागी बसू शकणारा दुसरा. दोन्ही तोलामोलाचे, हे त्यात गृहीतच.

हे गृहीतक जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात उघडे पडते. तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडाले. तालुक्याचे ठाणे घोडेगावला आहे. पुनर्वसनाच्या कागदांत ‘पर्यायी जमीन’ असते, जणू एक शेत दुसऱ्याचा समानार्थी शब्दच. पण हिरड्याची झाडे, देवराई, भावकीचा बांध यांना समानार्थी शब्द कुठून आणायचा?

विकल्पात शंका असते, म्हणून शंका घेणारा माणूसही असावा लागतो. पर्यायाला त्याची गरज पडत नाही. तो कचेरीत बसूनही ठरवता येतो.