खेळाडूचे मोठे हृदय : सरावाची कमाई की आजार?

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि उपनगरांना धावण्याची गोडी लागली. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा पवई तलावाकाठी पहाटे धावणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेलेही पुष्कळ दिसतात. त्यांपैकी एखाद्याच्या टूडी इकोच्या अहवालात ‘डाव्या निलयाची भिंत जाड’ अशी नोंद आली, की घरात घबराट पसरते. डावा निलय म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा खालचा कप्पा. ही जाडी व्यायामाने आली की आजाराने, हे ओळखणे नाजूक काम आहे. चुकून आजाराचा शिक्का बसला तर होतकरू खेळाडूची कारकीर्द संपते. आजार नजरेतून सुटला तर जीव जाऊ शकतो.

व्यायामाने हृदय वाढते, हे स्वीडनच्या हेन्शेन यांनी १८९९ मध्येच स्कीपटूंची छाती बोटांनी ठोकून तपासताना नोंदवले होते. लांब पल्ल्याच्या धावण्यात हृदयाला जास्त रक्त हाताळावे लागते, त्यामुळे कप्पा प्रशस्त होतो व भिंतही बेताने जाड होते. असे हृदय उत्तम सैल पडते आणि विश्रांतीत नाडी पन्नासच्याही खाली जाते.

हृदयस्नायूच्या जाडीचा आजार, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, बहुधा आनुवंशिक असतो. सुमारे ५०० जणांत एकाला तो आढळतो. स्नायूचे तंतू अस्ताव्यस्त वाढतात, भिंत ताठर होते, कप्पा आक्रसतो आणि हृदयाची लय अचानक बिघडू शकते. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २००३ मध्ये लियाँच्या मैदानात कोसळून मरण पावला, तेव्हा शवविच्छेदनात हाच आजार निघाला.

निरोगी भिंत साधारणपणे ११-१२ मिलिमीटरपर्यंत असते. इटलीत ९४७ निवडक खेळाडूंच्या पाहणीत (१९९१) केवळ १६ जणांची भिंत १३ मिलिमीटर वा अधिक भरली; सर्वाधिक जाडी १६. हे सोळाही जण होड्या वल्हवणारे किंवा सायकलपटू होते. म्हणून आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर धावणाऱ्याच्या १५ मिलिमीटर भिंतीचे श्रेय धावण्याला देऊन मोकळे होणे बरे नव्हे. अशा वयात रक्तदाबानेही भिंत जाड होते, तो आधी मोजावा. स्त्री खेळाडूंत तर १२ च्या पुढची जाडी संशयास्पदच मानावी.

खरी पंचाईत १३ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान होते. तिथे एकट्या जाडीवर निदान करू नये. कप्प्याचा व्यास ५५ मिलिमीटरहून अधिक असेल तर कौल खेळाडूच्या हृदयाकडे. ४५ हून कमी असेल तर आजाराकडे. भिंत सर्वत्र सारखी आहे की एकाच भागात फुगली आहे, हेही पाहतात. कार्डिओग्राममध्ये बाजूच्या लीडमध्ये खोल उलट्या टी-लहरी दिसल्या, तर इको निर्दोष असला तरी पाठपुरावा हवा. एमआरआयमध्ये स्नायूतले व्रण दिसू शकतात. तरीही शंका उरली तर सुमारे तीन महिने सराव पूर्ण थांबवून इको पुन्हा करतात. सरावाची जाडी ओसरते, आजाराची टिकते. निवड चाचणी तोंडावर असताना हे पथ्य खेळाडूला फार जड जाते, हे मात्र खरे.

घराण्याचा इतिहासही विचारावा. कोणी तरुणपणी अचानक गेले होते का? आजार ठरल्यास आईवडील, भावंडे व मुले यांचीही तपासणी करावी लागते. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांसह झालेल्या अभ्यासात हृदयस्नायूच्या एका जनुकातील २५ अक्षरांची तूट सुमारे चार टक्के भारतीयांत आढळली. ती असणाऱ्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. अनेक जण आयुष्यभर निरोगी राहतात.

पूर्वी निदान होताच स्पर्धात्मक खेळ सर्रास बंद करत. अमेरिकेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तज्ज्ञांनी धोका जोखून, खेळाडूशी चर्चा करून निर्णय घ्यावा. धावताना भोवळ येणे, छातीत दुखणे किंवा धडधड वाढून शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवसापासून सराव थांबवून हृदयरोगतज्ज्ञांना गाठावे.