सूर्य नसताना: फ्रान्समधले नॅच्युरिस्ट आणि हिवाळ्याचे सण

नॅच्युरिझम या शब्दाला मराठीत नीट प्रतिशब्द नाही. ‘निसर्गवाद’ म्हटलं की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या डोळ्यांपुढे वेगळाच सिद्धान्त उभा राहतो, आणि ‘नग्नतावाद’ म्हटलं की सभागृहात खुर्च्या हलू लागतात. तेव्हा मूळ शब्दच ठेवू. आपला प्रश्न साधा आहे: जी चळवळ सूर्याच्या नावाने उभी राहिली, ती डिसेंबरात काय करते?

सूर्याच्या नावाने हे आपण अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. गास्तों आणि आंद्रे द्युरव्हिल हे दोघे डॉक्टर बंधू. क्षयाचा धाक होता, ऊन आणि हवा हेच औषध असं मानण्याचा तो काळ. 1931 मध्ये त्यांनी भूमध्य समुद्रातल्या लव्हाँ बेटावर वसाहत वसवली, तिचं नाव हेलिओपोलिस, म्हणजे सूर्यनगरी. पुढे आल्बेर आणि क्रिस्तियान लकोक या दांपत्याने 1944 मध्ये क्लब काढला, तो ‘सूर्याचा क्लब’. मासिक काढलं, ‘उन्हातलं जीवन’ अशा अर्थाच्या नावाचं. 1950 मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर मोंतालिव्हेचं केंद्र उभं राहिलं, त्याच्याही नावात सूर्य आणि समुद्र. गंमत अशी की क्रिस्तियानबाई मूळच्या तूरक्वांच्या, म्हणजे बेल्जियमच्या सीमेला लागून असलेल्या ढगाळ, गिरण्यांच्या मुलखातल्या. ज्यांना ऊन मिळत नाही तेच उन्हाचं तत्त्वज्ञान रचतात, असं आम्हाला वाटतं. आपल्याकडे ठाण्याला 1891 मध्ये क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने असाच एक नग्नसंघ काढला होता. सभासद तीन. त्याच्या पुढे इतर अडचणी असतील, थंडीची मात्र नव्हती.

फ्रान्समध्ये ही अडचण रजेच्या कायद्याने आणखी पक्की केली. 1936 मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली, 1956 मध्ये तीन, 1969 मध्ये चार. ही रजा अख्खा देश जुलै-ऑगस्टमध्ये घेतो. त्यामुळे नॅच्युरिझम ही रोजची जीवनपद्धती न राहता हळूहळू उन्हाळी सुट्टीचा एक प्रकार झाला. मोंतालिव्हे यशस्वी झालं ते याच बळावर. 1982 मध्ये पाचवा आठवडा आला, आणि तो मोठ्या रजेला जोडून घ्यायचा नाही असा नियम झाला. आता हिवाळ्यातही मोकळे दिवस होते, पण किनारे गार आणि केंद्रं बंद.

मग लोक छपराखाली गेले. पॅरिसमध्ये बाराव्या विभागातल्या रोजे-ल गाल या जलतरण तलावावर ठरावीक संध्याकाळी नॅच्युरिस्ट संस्थेसाठी वेळ राखलेली असते. इतर शहरांतले क्लबही असेच तलाव, सॉना नाहीतर व्यायामशाळा तासांवर घेतात. बसण्याआधी आपला टॉवेल खाली पसरायचा, हा इथला पहिला शिष्टाचार. पण पाहा, ऊन गेलं, वारा गेला, निसर्गही गेला; उरली ती क्लोरीनच्या वासातली माणसं, आणि तरी ती येतात. द्युरव्हिल बंधूंची वैद्यकीय उपपत्ती इथे गळून पडते. क्षयावर औषधं येऊनही जमानाच लोटला. लोक जमतात ते एकमेकांसाठी, असंच म्हणावं लागतं.

आता सणांकडे येऊ. फ्रेंच माणसाचा नाताळ घरच्यांचा असतो. 24 डिसेंबरच्या रात्रीचं जेवण आईवडील, भावंडं, नातवंडं यांच्यासोबत, आणि हे नातलग बहुधा ‘तेक्स्तील’ असतात. कपडे घालणाऱ्या जगाला नॅच्युरिस्टांनी दिलेलं हे नाव, म्हणजे ‘कापडवाले’ म्हणा ना. त्या रात्री पक्का नॅच्युरिस्टही इस्त्रीचा सदरा घालून ऑयस्टर खायला बसतो. 31 तारीख, सेंट सिल्व्हेस्टरची रात्र, ही मात्र मित्रांची. प्रौढांच्या क्लबांनी जेवण आणि नाच ठेवायचा तो याच रात्री. कुणाला यात ढोंग दिसेल. आम्हाला तसं वाटत नाही. आपल्याकडेही माणूस पंक्तीला सोवळं नेसतो आणि मित्रांत बनियनवर बसतो. दोन्ही ठिकाणी तो खराच असतो.

आमच्या मते यांचा खरा सण जानेवारीतला. हे क्लब 1901 च्या कायद्याखाली नोंदलेल्या संस्था आहेत, आणि फ्रान्समध्ये गावच्या फुटबॉल मंडळापासून गायनवृंदापर्यंत जवळजवळ प्रत्येक संस्था जानेवारीत सभासदांना बोलावून ‘गालेत’ कापते. बदामाचं सारण भरलेला हा गोल पापुद्र्यांचा केक मुळात 6 जानेवारीचा, येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाचा. आत चिनीमातीची एक छोटी वस्तू लपवलेली असते. घरातलं सर्वांत लहान मूल टेबलाखाली शिरतं आणि न बघता सांगतं, हा तुकडा कुणाचा. प्रौढांच्या क्लबात मूल कुठून आणणार? तिथे वयाने सर्वांत लहान सभासदाला खाली वाकावं लागतं, मग तो पन्नाशीचा का असेना. ज्याच्या दाताखाली ती वस्तू येते तो राजा. त्याच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट चढवतात आणि संध्याकाळभर तो काढायचा नसतो. त्या खोलीत तेवढंच एक वस्त्र.