दिनविशेष : ३ मे

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात ३ मे या तारखेचे महत्त्व मोठे आहे. १९१३ साली याच दिवशी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी प्रदर्शित झाला. पडद्यावरील स्त्रीच्या वाटचालीशीही या तारखेचे नाते आहे.

राजा हरिश्चंद्र (१९१३)

त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवादिकांच्या कथाही अशाच पडद्यावर याव्यात, या ध्यासाने त्यांना पछाडले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि तेथून कॅमेरा व आवश्यक सामग्री घेऊन परतले. दादरच्या बंगल्यात चित्रीकरण सुरू झाले. सरस्वतीबाई फाळके घरी उतरलेल्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून रात्री फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडण्याचे कामही करीत.

खरी अडचण तारामतीची होती. चित्रपटात काम करण्यास एकही स्त्री तयार होईना. समाजाने बहिष्कृत मानलेल्या स्त्रियांनीही नकार दिला. अखेर एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्राची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके यांनी, तर रोहिदासाची फाळके यांचा मुलगा भालचंद्र याने केली. सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या मूकपटाचा काही भागच आज उपलब्ध आहे.

दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १९१२ सालीच याच चित्रगृहात झळकला होता. मात्र ते मुख्यतः रंगमंचावरील नाटकाचे चित्रण असल्याने पहिल्या भारतीय कथापटाचा मान ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो. फाळके यांच्या पुढच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे कमलाबाई गोखले) यांनी भूमिका केल्या आणि पडद्याची दारे स्त्रियांसाठी उघडली. तरीही १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या.

अन्य घटना

१७९१ – पोलंडने लिखित राज्यघटना स्वीकारली. युरोपातील आद्य आधुनिक राज्यघटनांमध्ये तिची गणना होते.

१९३९ – काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिल्यानंतर काही दिवसांतच सुभाषचंद्र बोस यांनी ‘फॉरवर्ड ब्लॉक’ची घोषणा केली.

१९४७ – जपानची युद्धोत्तर राज्यघटना अमलात आली.

१९९१ – आफ्रिकी पत्रकारांनी नामिबियात ‘विंडहोक जाहीरनामा’ संमत केला. त्याच्या स्मरणार्थ हा दिवस जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो.

१९९९ – कारगिल परिसरातील घुसखोरीची पहिली खबर स्थानिक गुराख्यांकडून लष्कराला मिळाली.

जन्म

१४६९ – ‘द प्रिन्स’ या ग्रंथाचे कर्ते, इटालियन राजनीतिज्ञ निकोलो मॅकियाव्हेली.

१८९६ – व्ही. के. कृष्ण मेनन. भारताचे माजी संरक्षणमंत्री. १९५७ व १९६२ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवड. चीन युद्धातील पराभवामुळे मंत्रिपद सोडावे लागले.

१८९८ – इस्रायलच्या पहिल्या महिला पंतप्रधान गोल्डा मायर.

१९१९ – अमेरिकन लोकगायक पीट सीगर.

स्मृतिदिन

१९६९ – राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन. पदावर असताना निधन झालेले ते भारताचे पहिले राष्ट्रपती.

१९७१ – अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतील विठ्ठलराव विखे पाटील यांचे सहकारी. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटपाचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

१९८१ – अभिनेत्री नर्गिस. ‘मदर इंडिया’तील (१९५७) राधेच्या भूमिकेसाठी कार्लोव्ही व्हॅरी महोत्सवात पुरस्कार, १९५८ मध्ये ‘पद्मश्री’ आणि १९८० मध्ये राज्यसभेवर नियुक्ती.

२००० – शकुंतला परांजपे. रँग्लर परांजपे यांच्या कन्या. कुटुंबनियोजनाचा उच्चारही अशिष्ट मानला जात असे, त्या काळात त्यांनी त्याचा हिरिरीने प्रचार केला. बालाजरठ विवाहावर आघात करणाऱ्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात त्यांची महत्त्वाची भूमिका होती.

२००६ – भारतीय जनता पक्षाचे नेते प्रमोद महाजन.

२००९ – विदर्भातील साहित्यिक व वक्ते प्राचार्य राम शेवाळकर.

तारामतीसाठी एकही स्त्री मिळाली नाही, त्या पहिल्या कथापटाचा हा वर्धापनदिन. समाजाच्या रोषाची तमा न बाळगणाऱ्या शकुंतलाबाईंचा आणि पडद्यावर भारतीय मातेची प्रतिमा साकारणाऱ्या नर्गिस यांचा स्मृतिदिनही याच तारखेला यावा, हा योगायोग होय. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘मदर इंडिया’ यांच्यात अंतर आहे अवघ्या ४४ वर्षांचे.