फ्रीस्टाइलमधील हात-पायांचा मेळ

फ्रीस्टाइल (क्रॉल) पोहताना हातांच्या स्ट्रोकशी किकची घातली जाणारी सांगड. डावा व उजवा हात एकेकदा मारून झाला की एक आवर्तन होते. त्यात किती किक बसतात यावरून टू-बीट, फोर-बीट व सिक्स-बीट हे प्रकार ओळखले जातात.

मेळाचे मर्म टू-बीटमध्ये उघडे दिसते. उजवा हात पाण्यात शिरून पुढे लांबत असताना डावा पाय खाली मारायचा, डावा शिरताना उजवा. डाव्या पायाच्या दाबाने त्या बाजूची कंबर वर येते, धड उजव्या कुशीवर वळते, पुढचा हात आणखी लांब जातो आणि मागे ओढणाऱ्या डाव्या हाताला कमरेचे बळ मिळते. पाय त्याच बाजूचा पडला, तर वळण अडते. सिक्स-बीटमध्येही ही तिरपी जोडी सुटत नाही. तिथे प्रत्येक हातामागे तीन किक असतात. त्यांतली एक वळणाला जोडलेली, उरलेल्या दोन तोल आणि वेग राखणाऱ्या. त्यामुळे नवशिक्याला आधी सहापर्यंत मोजायला लावणे हे उलटे शिक्षणच म्हणावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी सिडनीत रूढ झालेल्या ऑस्ट्रेलियन क्रॉलची लय टू-बीटची होती. पुढे अमेरिकी जलतरणपटूंनी किकची संख्या वाढवली. 1922 मध्ये 100 मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला जलतरणपटू जॉनी वाइसमुलर सिक्स-बीटचाच.

मांड्यांचे मोठे स्नायू ऑक्सिजन भराभर संपवतात. म्हणून 50 व 100 मीटरला सिक्स-बीट, तर लांब अंतराला बहुधा टू-बीट. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 400 व 800 मीटर जिंकणारी जॅनेट इव्हान्स टू-बीटवर पोहत असे. ट्रायथलॉनपटूही सायकलसाठी पाय राखून ठेवतात. लय शर्यतीत बदलताही येते: 2011 मध्ये शांघायला सुन यांगने 1500 मीटरचा विश्वविक्रम (14 मिनिटे 34.14 सेकंद) केला, तेव्हा अखेरीस किक वाढवत शेवटचे 50 मीटर 25.94 सेकंदांत कापले. त्याची सरासरी 29 सेकंदांच्या वर होती.

मेळ बहुतेकदा श्वास घेताना बिघडतो. डोके उचलले की पाय बुडतात, तोल सावरायला ते कात्रीसारखे फाकतात आणि एक किक हुकते. विहिरीत डोके वर ठेवून पोहायला शिकलेल्यांत ही सवय विशेष चिवट असते. अशांना किक वाढवायला सांगण्याआधी एक डोळा पाण्यात ठेवून श्वास घ्यायला शिकवतात.