कासार आणि काचेची बांगडी (शिरूर कासार, जि. बीड)

कासार : बांगड्या विकणारी आणि त्या बायकांच्या हातांत भरणारी, तसेच तांब्यापितळेच्या व काशाच्या भांड्यांचा व्यापार करणारी महाराष्ट्रातील जात व तिचा व्यवसाय. बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीकाठी वसलेले शिरूर हे तालुक्याचे गाव या व्यवसायाचे नाव मिरवते. पुणे जिल्ह्यातले घोडनदीचे शिरूर, लातूर जिल्ह्यातली शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद यांच्यापासून ते याच नावाने वेगळे ओळखले जाते. सोमवंशी क्षत्रिय कासार, त्वष्टा कासार आणि जैन कासार हे या समाजातले ठळक गट. कालिकादेवी ही हिंदू कासारांची कुलदेवता. मुसलमान बांगडीवाल्यांना मण्यार म्हणतात आणि मराठवाड्यात हा धंदा दोघांनीही पिढ्यान्‌पिढ्या केला आहे.

काचेच्या अलंकाराची कामे तीन : काच वितळवून घडवणे, घडलेला माल विकणे आणि तो अंगावर चढवणे. पहिले काम आज बव्हंशी महाराष्ट्राबाहेर होते. दुसरे आणि तिसरे कासाराचे. ग्रंथांनी भट्टीवरच्या कारागिराची दखल घेतली, बांगडी भरणाऱ्या हाताची फारशी घेतली नाही. खरे तर काचेची बांगडी एकसंध असते, तिला फास नसतो, कडी नसते आणि ती ताणलीही जात नाही. ती पंज्यावरून मनगटावर नेणे ही स्वतंत्र कला आहे आणि मराठी मुलखाचा या अलंकारातला खरा वाटा तोच आहे.

मात्र या भागाला काच परकी कधीच नव्हती. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण हे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, तर तगर म्हणजे तेर हे तिथून पूर्वेला दहा दिवसांवर असल्याची नोंद आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काचही आहे. पैठण आणि तेर यांच्या मधला मुलूख म्हणजे आजचा बीड जिल्हा. दोन्ही ठिकाणी सातवाहनकाळातले काचमणी सापडले आहेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ज्वारीच्या दाण्याएवढे, लाल, निळे, हिरवे मणी जवळून पाहता येतात. भोके इतकी बारीक की दोरा ओवणाऱ्याच्या नजरेचे कौतुक वाटावे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी येथील उत्खननांत बहामनी काळातल्या बहुरंगी बांगड्यांचे तुकडे निघाले. हसमुख सांकलिया यांच्यासह ब्रह्मपुरीचे उत्खनन (१९४५-४६) करणारे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी पुढे भारतीय काचेचा इतिहास लिहिला. मुंबई विद्यापीठाने तो १९६९ साली प्रसिद्ध केला. या विषयाचा अभ्यास आजही त्या ग्रंथापासून सुरू करावा लागतो.

काचेला लागणारा खारही याच पठारावर मिळत असे. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारची नोंद करताना तिथे काच आणि साबण यांना लागणारे सगळे पदार्थ मिळतात, असे म्हटले आहे. वाळू एकटी वितळवायची तर सुमारे १,७०० अंश सेल्सियस उष्णता लागते. सोडाखार मिसळला की ते काम बऱ्याच कमी उष्णतेवर भागते आणि चुन्यामुळे काच पाण्यात विरघळत नाही. रंग धातूंच्या भस्मांचा : कोबाल्टचा गर्द निळा, क्रोमियमचा किंवा तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळा आणि प्रमाण वाढले की काळा.

पूर्वी बांगडी बिनसांध्याची होत असे. वितळलेल्या काचेच्या गोळीला सळईने भोक पाडायचे आणि मातीच्या निमुळत्या साच्यावर ती फिरवत फिरवत रुंद करायची. आज देशातल्या काचेच्या बांगड्यांचे मुख्य केंद्र उत्तर प्रदेशातले फिरोजाबाद आहे आणि तिथली रीत वेगळी आहे. भट्टीतून काढलेल्या गोळ्याची तार ओढून ती फिरत्या बेलनावर गुंडाळतात. ते वेटोळे एका रेघेत कापले की उघड्या तोंडांची कडी सुटतात. पुढे ‘सधाई’त त्यांची तोंडे समोरासमोर आणतात आणि ‘जुडाई’त बारीक ज्योतीवर ती सांधतात. ही दोन्ही कामे कारखान्यात कमी आणि घराघरांत जास्त होतात, मुख्यतः बायका करतात आणि मजुरी नगावर मिळते. त्यानंतर कापकाम, रंगकाम, सोनेरी वर्ख. ताजमहालाच्या परिसरातील प्रदूषणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल दिला. त्यानंतर फिरोजाबादच्या भट्ट्यांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. मराठवाड्यातल्या नवरीच्या हातातला हिरवा चुडा पाहणाऱ्याने जुडाईच्या ज्योतीपुढे दिवसभर डोळे घालणाऱ्या बाईचीही आठवण ठेवायला हवी.

महाराष्ट्रात काच घडवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रिया आणि जपानहून आलेला काचमाल बाजारात सर्रास होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचेचा कारखाना निघाला. ओगले बंधूंचा कारखाना कऱ्हाडजवळ १९१६ साली सुरू झाला आणि त्या जागेचे नावच ओगलेवाडी पडले. तिथला ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेला. पण दोन्हीकडे भर राहिला तो चिमण्या, बरण्या, कंदील यांवर.

आता बांगडी भरण्याविषयी. बांगडीचे माप आतल्या व्यासावर ठरते आणि इंचाचे सोळा भाग धरून बोलले जाते : दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-सहा, दोन-आठ म्हणजे अडीच. जाणता कासार माप विचारत नाही. हात हातात घेतो, बोटे जुळवून पंजा दाबून पाहतो आणि पेटीतून नेमका जोड काढतो. अडते ते अंगठ्याच्या बुडाशी आणि करंगळीखालच्या हाडाशी. म्हणून अंगठा तळहातात दुमडून घ्यायचा, पंज्याची पन्हळ करायची, बांगडी तिरकी धरून आधी करंगळीकडची बाजू उतरवायची आणि मग अंगठ्याचा सांधा हलक्या दाबाने मऊ करत तिला पुढे सरकवायचे. हात कडक असेल तर तेल किंवा साबणाचे पाणी. या सगळ्यात बाईला बोलण्यात गुंतवून ठेवणे हाही कामाचाच भाग आहे, कारण हात ताठ झाला की काच फुटते. भरताना फुटलेल्या बांगडीचे पैसे गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नाहीत, हा जुना रिवाज. सैल बांगडी कोणीही चढवील. मनगटावर बसणारी, निसटून न जाणारी बांगडी भरून हातावर ओरखडा उठू न देणे, यातच कासाराची किंवा कासारणीची परीक्षा असते.

जुन्या बांगड्या वाढवताना हात पूर्ण रिकामा होऊ देत नाहीत, एखादी मागे ठेवून नव्या भरतात. भरून झाल्या की बायका कासाराला नमस्कार करतात. जिथे परक्या पुरुषाने हात धरणे चालत नसे, तिथे हा एक माणूस ओसरीवर बसून सासुरवाशिणीपासून आजीपर्यंत सगळ्यांचे हात हातात घेई आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. एवढा विश्वास गावाने फार थोड्या धंद्यांवर टाकला.

लग्नात हळदीच्या सुमारास कासार मांडवात येतो. नवरीला हिरवा चुडा आणि मग घरच्या, पाहुण्या, शेजारणी अशा सगळ्यांना बांगड्या, खर्च यजमानाचा. पुष्कळ घरांत नवरीच्या एका हातात एक बांगडी जास्त भरतात. डोहाळजेवण, नागपंचमी, संक्रांत, देवीची ओटी हे बाकीचे प्रसंग. शिरूर परिसरातून माणसे पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेला आणि नवरात्रात मोहटादेवीला जातात. अशा यात्रांत बांगड्यांची दुकाने हमखास लागतात.

हा तालुका ऊसतोड कामगारांचा आहे. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडल्यावर म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी घरी परततात. कोयत्याने ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत टाकायची : या कामात काच हातात टिकत नाही. रोजच्या वापरात प्लास्टिकच्या आणि धातूच्या बांगड्या आल्या, त्यामागे स्वस्ताईइतकीच ही अडचणही आहे. धातूची बांगडी भरायला कासार लागत नाही, आपली आपण चढवता येते. त्यामुळे काच मागे पडते तसतशी भरण्याची कलाही मागे पडते. फिरतीचा कासार कमी झाला, धंदा जनरल स्टोअर्सच्या काउंटरवर गेला आणि कासार कुटुंबांतली मुले नोकरीकडे वळली. लग्नसराईत मात्र हिरव्या काचेला पर्याय अजून कोणी मानत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला तेव्हापासून काचेच्या साध्या बांगड्यांवर कर नाही.

बांगडीखेरीज इथल्या अंगावरची काच म्हणजे काळी पोत. मंगळसूत्रातले काळे मणी बहुधा काचेचेच असतात आणि ते ओवून, गाठवून देण्याचे काम पटवेकऱ्याचे. जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर आरशांच्या भिंगांनी मढवलेल्या कांचळ्या (चोळ्या) आणि फेट्या (घागरे) जुन्या पिढीतल्या बायकांच्या अंगावर अजून दिसतात. ज्योतीवर काचेची कांडी वितळवून, सळईभोवती फिरवून एकेक मणी घडवण्याची रीत अलीकडे शहरांतल्या हौशी व व्यावसायिक कलाकारांनी उचलली आहे. मणी राखेत किंवा छोट्या भट्टीत सावकाश निववला नाही तर तो आतल्या ताणाने नंतर केव्हाही तडकतो. नवशिक्याचा माल ओळखू येतो तो इथेच. असे दागिने पुण्याच्या भीमथडी जत्रेसारख्या, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत खपू शकतात आणि बचत गटांना तिथे जागाही मिळते. मराठवाड्यातल्या गटांनी मसाले-पापडांपलीकडे या मालाकडे पाहायला हरकत नाही : भांडवल मर्यादित लागते आणि बांगडीवर पोसलेली नजर इथे आहे.

या व्यवसायाशी जोडलेली एक क्रूर चालही नोंदवणे भाग आहे. नवरा गेल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या फोडल्या जात आणि पुढे कासाराने तिच्या दारी यायचे नाही, असे ठरून जाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या (ता. शिरोळ) हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ही चाल बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्यास सांगितले. तेव्हापासून ठिकठिकाणी हळदीकुंकवाला विधवांना बोलावून त्यांच्या हातांत बांगड्या भरण्याचे कार्यक्रम होऊ लागले आहेत.